आई मुख्य पात्र असलेली कथा लिहायला घेतली की ती माझीच का होऊन बसते?

वाघूरकाठची (धागाकर्ती)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी भुसावळला गेले होते. पापडांसाठी उडदाचा डबा फळीवरून खाली काढला, तर डब्याखाली अंथरलेल्या पेपराच्या घडीत रबर लावलेली एक गड्डी. फलाट तिकिटं! मोजली, ३१ भरली. सगळ्यात जुनं २०१९चं. ज्यांच्यावरच्या तारखा अजून वाचता येत होत्या त्या मोबाइलमधल्या कॅलेंडरात बघितल्या, बहुतेक गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी कुणी गाडीने जात नाही, येत नाही. भाऊ सुरतेला असतो, तो येतो रात्री आणि स्टेशनावरून रिक्षा करून येतो. त्याला आणायला कुणीच जात नाही.

आईला काही विचारलं नाही. गड्डी होती तशी ठेवली, जळगावला परत आले आणि कथा लिहायला बसले. घोळ तिथून सुरू झाला.

पहिल्या खर्ड्यात मुलीला तिकिटं सापडतात आणि पुढची तीन पानं मुलीचे हुंदके. दुसऱ्यात मी आईला कॉलेजातला कुणीतरी काढून दिला, तो पुढे गार्ड झालेला. लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, दुपारच्या मालिकेत खपला असता. तिसऱ्यात लहानपणी घर सोडून पळालेला तिचा भाऊ. चौथ्यात काहीच सुचेना म्हणून तिला आजार दिला आणि शेवटी मारून टाकली. चारही खर्ड्यांत बाई कुणाची तरी वाट बघतेय, नाहीतर कुणीतरी तिची आठवण काढतंय. स्टेशनावर नुसती बसलेली आई मला एक पानभरसुद्धा लिहिता आली नाही.

मग वाटलं, हा दोष फक्त माझा नसावा. 'श्यामची आई'च घ्या. पुस्तक आईचं, नाव श्यामचं. तो मित्रांना रोज रात्री सांगतो आणि आपण ती त्याच्या डोळ्यांनी बघतो. तक्रार नाही हां, मीपण उशी भिजवली आहे त्यावर. पण पोरं शाळेत गेल्यावर, घरात कुणी नसताना ती बाई काय विचार करत असेल?

तर धाग्याचा विषय: आई (किंवा बाप, पण मुख्यतः आई) हेच मुख्य पात्र असलेलं काय काय वाचलंय तुम्ही? माझ्या अटी जरा जाचक आहेत. ती जिवंत हवी. फार म्हातारी नको. देवी नको, डाकीणही नको. आणि गोष्ट तिची हवी, तिच्या पोरांची नको.

---

मेहरूणची_बोरं

वाचतेय. मला तर मालिकांतल्या सासवाच आठवल्या आधी. :)

---

अमळनेरी

ताई, साने गुरुजींवर आमच्या गावासमोर बोट ठेवायचं म्हणजे धाडस आहे! गमतीने म्हणतोय, पण थोडी बाजू मांडतो.

गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे होतं. पोरांची अंथरुणं आवरणं, आजारी पडलेल्याच्या उशाशी बसणं, हे सगळं ते करत. त्याच छात्रालयात ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. मग नोकरी सोडून चळवळीत गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. आणि पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. छापून आली १९३५ला. आईला जाऊन तोवर सोळाएक वर्षं झालेली.

मुद्दा असा की ते पुस्तक आठवणीचंच आहे, त्याने दुसरं काही असल्याचा आव आणला नाही. त्यातली आई कोकणातली, पण मला नेहमी वाटतं की ती लिहिणारा माणूस आमच्या छात्रालयात आधी स्वतः आई होऊन बघून आला होता. शंभर पोरांच्या चादरी झटकल्याशिवाय तसं लिहिता येत नाही.

तुमची अडचण मात्र खरी आहे. ते पुस्तक इतकं डोक्यात बसलंय की मराठीत आई लिहायला घेतली की सांगणारा पोरगा आपोआप येऊन बसतो शेजारी.

---

तापीकाठ

तुमच्या अटींत बसणारी तीन नावं देतो.

१. उद्धव शेळके यांची 'धग', १९६०. कौतिक. नवरा महादेव, शिंपीकाम, त्यात त्याला महारोग. घर ती ओढते. ही आपल्या शेजारच्या वऱ्हाडातली बाई, पण वाचताना मुक्ताईनगरच्या पलीकडे गेल्यासारखं वाटत नाही. कौतिक हिशेबी आहे, चिडते, जिद्दीला पेटते. लेखकाने तिला पूजेला बसवलेलं नाही. मराठीत आई हे मुख्य पात्र म्हटलं की मी आधी हेच नाव घेतो.

२. गॉर्कीची 'आई', १९०६. निलोव्हना. मारकुटा दारुडा नवरा मरतो, पोरगा कारखान्यात आणि चळवळीत, आणि ही जेवण विकण्याच्या मिषाने कारखान्यात पत्रकं पोचवायला लागते. त्या वयात वाचायला शिकते.

३. महाश्वेतादेवींची 'हजार चौऱ्याऐंशीची आई', १९७४. सिनेमा १९९८चा, जया बच्चन. पण पुस्तक वाचाच. सुजाता बँकेत नोकरी करते, अपेंडिक्सने बेजार आहे, आणि मेलेल्या पोराच्या प्रेताचा नंबर १०८४. अख्खी गोष्ट एका दिवसात घडते.

ही तिसरी तुम्हाला कामाची आहे. इथे उलटं होतं. नेहमी पोरगं मोठं झाल्यावर आईला ओळखू लागतं, इथे आई पोराला ओळखायला निघते. आणि दिवसभर पोटात कळ येत राहते तिच्या. ती कळ माझ्या जास्त लक्षात राहिली. पोराच्या मरणाच्या दुःखात बुडालेल्या बाईला स्वतःचं पोट दुखतं हे लिहायला फार मोठी लेखिका लागते.

---

मेहरूणची_बोरं

@तापीकाठ, पण गॉर्की आणि महाश्वेतादेवी दोन्हीकडे पोरगा क्रांतिकारक आहे म्हणूनच आईची गोष्ट सुरू होते ना? पोरगा साधा एलआयसीत असता तर?

---

तापीकाठ

बरोबर पकडलंत. म्हणूनच 'धग' पहिल्या नंबरावर लिहिली.

---

धुळेकर_मास्तर

तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, माफी असावी.

मुळात गोष्ट आणि आईबाप यांचं वैर आहे. गोष्टीला माणूस घराबाहेर पडलेला लागतो. आई घरात असली की म्हणते, जेवून जा, उन्हात जाऊ नको, सात वाजता परत ये. संपली गोष्ट. म्हणून मुलांच्या पुस्तकांत पहिल्या पानावरच आईबापाला बाजूला करतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. घर फुरसुंगीला आणि पोरगा पुण्याच्या विद्याभवनात बोर्डिंगला. आई शेजारच्या खोलीत असती तर एकही चोर पकडला गेला नसता.

मोठ्यांच्या साहित्यात आईबाप मुख्य होतात ते बहुधा म्हातारे झाल्यावर. 'नटसम्राट' १९७०चं, गणपतराव बेलवलकर. दळवींचं 'संध्याछाया', तिथे नाना आणि नानी. रंगभूमीवर आईबापांना जागा मिळते ती पोरं उडून गेल्यावर, कारण तेव्हा त्यांना घरात काम नसतं आणि बोलायला वेळ असतो. तिशी-चाळिशीतली आई, एक पोरगं कडेवर, दुसऱ्याचा गणिताचा पेपर उद्या, सासऱ्याची पथ्याची भाकरी वेगळी, तिच्यावर नाटक कधी लिहायचं? ती एका जागी पाच मिनिटं थांबली तर ना!

महाभारतातली कुंती घ्या. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) सावंतांनी कर्णाबरोबर कुंतीलाही बोलायला लावलं. तिचं निवेदन आहे, गुपित आहे, सगळं आहे. पण ग्रंथ कर्णाचा. आई बोलली तरी पोराच्या दरबारात बोलली.

वाघूरकाठची ताई, तुमच्या कथेतली आई घराबाहेर पडलेली आहे. फलाटावर आहे. म्हणजे गोष्टीची पहिली अट तिने स्वतःच पुरी केली, तुम्ही तिला पुन्हा घरात ओढताय.

---

वाघूरकाठची

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठून पाणी प्यायले.

खरं आहे, मी तिला चारही वेळा घरी आणली. एका खर्ड्यात तर स्टेशनावरून येताना कोथिंबीर घेतेय ती. का घेतेय? मलाच भीती वाटली असणार की नुसतीच परत आली तर वाचक काय म्हणतील!

---

केळीचं_खोड

आई आई चाललंय, बापाचं कुणी बोलेना. रावेरकडचा आहे, बापाचं सांगतो.

आमच्या केळीच्या बागेवर सीएमव्ही, म्हणजे विषाणूचा रोग, आला त्या वर्षी. पानं पिवळी, चट्टे पडलेली. औषध नाही त्याला, झाड उपटायचं आणि गाडायचं. बाबांनी दोन दिवस एकट्याने उपटली, सालदाराला हात लावू दिला नाही. मी तेव्हा अकरावीत. मनात म्हटलं, मोठा झालो की हे लिहीन, बाप आणि केळी. लिहिलंपण, एका दिवाळी अंकात छापून आलं. लोकांनी फोन केले.

मग माय म्हणाली, "चांगलं लिहिलं भाऊ. पन मी कुठी होती तवा?"

ती बांधावर बसून उपटलेली झाडं मोजत होती. वहीत आडव्या उभ्या रेघा. पाच झाली की आडवी. कुणी सांगितलं नव्हतं तिला. नंतर नुकसानीचा कागद भरायची वेळ आली तेव्हा नेमका आकडा घरात फक्त तिच्याकडे होता. माझ्या कथेत ती चहा घेऊन येते. एवढंच. एकच वाक्य आहे तिला आणि त्यात डोक्यावरचा पदर.

तेव्हापासून बापावर लिहायचं थांबवलंय. म्हणजे लिहीन, पण त्या रेघांसकट.

---

अमळनेरी

@केळीचं_खोड, भो, आते हाई गोष्ट लिख. मन्ही इनंती शे.

---

सुरवंट

सगळ्यांची माफी मागून वेगळा सूर लावतो. आईने जे लपवून ठेवलं ते तुम्ही डब्याखालून काढलंत आणि आता चारशे लोकांसमोर मांडलंत. वर त्याची कथा करायची म्हणताय. तिला विचारलं का? साहित्याच्या नावाखाली आयांच्या पेट्या उघडायचा हा प्रकार मला पटत नाही.

---

वाघूरकाठची

@सुरवंट, नाही विचारलं. टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. नाव-गाव ओळखू येईल असं काही इथे लिहिलेलं नाही, एवढंच म्हणू शकते. भुसावळात डब्याखाली पेपर अंथरणाऱ्या बायका खूप आहेत.

---

चार_भाकरी_एक_कळणा

नमस्कार. मी इथे नेहमी पाककृतींत असते. हा धागा मुलीने दाखवला.

मी ५४ वर्षांची, दोन मुलांची आई, पारोळ्याकडची. तुम्ही सगळे आई कशी लिहावी यावर बोलताय म्हणून आईने बोलावं म्हटलं.

पहिली गोष्ट. मी दिवसभर मुलांचा विचार करत नाही. खरंच सांगते. सकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात काय असतं माहितेय? काल कळणा (ज्वारी-उडदाचं पीठ) दळून आणला त्यात उडीद कमी पडला, गिरणीवाल्याने दुसऱ्याच्या पिठावर माझं दळण घातलं की काय. मग समोरच्या बाईने नवीन गेट लावलं त्याचा रंग. मग आमच्या शाळेतली एक मैत्रीण, जी खो-खोत माझ्यापेक्षा वाईट होती आणि तरी कॅप्टन झाली. ३९ वर्षं झाली, अजून राग जात नाही. हे सगळं दोन भाकऱ्यांत होतं. मुलं तिसऱ्या भाकरीला येतात, तेसुद्धा फोन आला तर.

पुस्तकातल्या आयांना हे कधीच सुचत नाही. त्या भाकरी थापताना लेकरांच्या भविष्याची चिंता करतात. तसं केलं तर भाकरी करपते हो.

दुसरी गोष्ट. आखाजीला मी माहेरी जाते. अजून जाते, भाऊ बोलावतो. तिथे लिंबाला झोका बांधतात. पोरी बसायच्या आधी आम्ही म्हाताऱ्या बसून घेतो, दोर तपासायचा म्हणून सांगतो. तिथे मला नावाने हाक मारणारी तीन माणसं उरलीत. बाकी सगळीकडे मी अमक्याची आई, तमक्याची काकू, वहिनी. झोक्यावर कोणी नावाने हाक मारली की मला एक क्षण कळत नाही कुणाला बोलावतायत.

वाघूरकाठची, तू मुलीसारखी आहेस म्हणून एकेरीत सांगते. तुझ्या चारही खर्ड्यांत आईला नाव दिलं होतंस का?

---

वाघूरकाठची

काकू, आत्ता उघडून बघितलं. नाही. चारही ठिकाणी 'आई'. गार्डला नाव आहे. पळून गेलेल्या मामालापण आहे.

---

मेहरूणची_बोरं

काकूंचा प्रतिसाद फ्रेम करून ठेवावा. खो-खोचा राग! माझ्या आईला तिच्या बहिणीने १९८६ साली घेतलेल्या छत्रीचा राग आहे.

---

तापीकाठ

काकूंमुळे बहिणाबाई आठवल्या. आपण खान्देशातले आणि इतका वेळ त्यांचं नाव निघालं नाही, कमाल आहे.

बघा ना. १८८०चा जन्म, आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीत वैधव्य, मुलं पदरात. आईचं पात्र करायचं तर करुण रसाला काय कमी? पण त्यांच्या कवितेत त्या स्वतः आहेत. जातं, चूल, पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, नशीब, देव, माणसाचं मन. बघणारी त्यांची नजर, चेष्टा त्यांची, हिशेबही त्यांचा.

३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या आणि १९५२ला सोपानदेवांनी कविता पुस्तकरूपात आणल्या, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्याच अत्र्यांनी १९५३ला 'श्यामची आई' पडद्यावर आणला, वनमाला आईच्या भूमिकेत, आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. म्हणजे एका वर्षाच्या आगेमागे एकाच माणसाच्या हातून दोन आया महाराष्ट्रासमोर आल्या. एक मुलाने सांगितलेली, दुसरी स्वतः बोलणारी. दोन्ही आपण डोक्यावर घेतल्या, पण कथा-कादंबरीवाल्यांनी नक्कल केली ती पहिलीची.

अवांतर: जळगावच्या विद्यापीठाला २०१८मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं ते उत्तमच झालं. आता तिथल्या मराठी विभागात कुणीतरी "खान्देशी कथेतील आई" असा प्रबंध घ्यावा, आयतं साहित्य या धाग्यावर आहे.

---

धुळेकर_मास्तर

तापीकाठ यांना अनुमोदन, एक पुस्ती जोडतो. दुसरी आईसुद्धा मुलाच्याच हातून आली. सोपानदेव स्वतः कवी नसते तर त्या ओळी शेताच्या बांधावरच राहिल्या असत्या. अशा किती राहिल्या असतील.

---

लेवापाटील_नव्हे_लेवागण

भाषेचं कुणी बोलत नाही. मी बोलतो.

भुसावळची आई मनातल्या मनात प्रमाण मराठीत विचार करते का? धागाकर्तीने खर्डे दाखवलेले नाहीत, पण पैजेवर सांगतो, कथेतली आई "मला आज उगाचच उदास वाटत होतं" असं म्हणत असणार. आमच्याकडे बाई म्हणते, "मले आज कसंतरीच होई रायलं." दोन्हींत फरक आहे. उदास म्हटलं की कारण सांगावं लागतं. कसंतरीच होण्याला कारण लागत नाही.

'धग' जमली त्याचं एक कारण तिची वऱ्हाडी आहे. कौतिकच्या तोंडून पुणेरी वदवली असती तर पहिल्या प्रकरणातच ती देवी झाली असती.

---

अमळनेरी

यावर दुमत. बोली घातली की पात्र खरं होतं हा भ्रम आहे. अहिराणीत "माय वं माय" करत रडणारी नकली आई मी पाचपन्नास कथांत वाचली आहे. हल्ली व्हिडिओतपण तेच, आई म्हटली की नऊवारी, कासोटा आणि डोळ्याला पदर. बोलीत विनोद करणारी, टोमणा मारणारी, पैसे लपवणारी आई आणा, मग मानतो.

---

लेवापाटील_नव्हे_लेवागण

पैसे लपवणारी आई फक्त बोलीतच शक्य आहे. :) डाळीच्या डब्यात.

---

चार_भाकरी_एक_कळणा

डाळीच्या नाही, मिठाच्या बरणीमागे. डाळीचा डबा सुनेला माहीत असतो.

---

निवृत्त_तिकीटबाबू

मध्य रेल्वेत आयुष्य गेलं, साहित्यातलं फारसं कळत नाही. एक माहितीचा मुद्दा. फलाट तिकीट काढल्यापासून दोन तास चालतं. त्यापुढे थांबलात तर दंड होऊ शकतो. बाईंनी ३१ वेळा तिकीट काढलं म्हणजे त्या नियमाच्या पक्क्या. भुसावळला कितीतरी लोक तिकीट न काढताच फलाटावर फिरतात. दहा रुपये कोण भरतो?

---

तापीकाठ

बाबूजी, तुम्हाला साहित्यातलं कळत नाही म्हणता आणि कथेची चौकट देऊन गेलात. महाश्वेतादेवींनी एक दिवस घेतला. इथे दोन तास आहेत, छापील. दहा रुपयांत दोन तास, आणि त्या वेळेत ती कुणाची कुणी नाही. उशीर झाला तर दंड.

---

सुरवंट

माझा आक्षेप अजून आहे. पण तिकीट काढून बसते हे वाचल्यावर बाईबद्दल आदर वाटला. लपवायचं म्हणून लपवलेलं नाही ते, पावती जपून ठेवलीय.

---

चार_भाकरी_एक_कळणा

वाघूरकाठची, आईला विचार. पण "का जातेस" म्हणून विचारू नको. का म्हटलं की आम्ही कारण बनवून देतो, घरातल्यांना पटेल असं. गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय डॉक्टरने, वगैरे. दुसरंच काहीतरी विचार. चहाचं विचार.

---

वाघूरकाठची

तीन आठवड्यांनी येतेय, धागा वर काढते.

शनिवारी भुसावळला गेले होते. आई बिबडे (ज्वारीचे पापड) उलटत होती गच्चीवर. मी शेजारी बसले, दोन उलटले, एक मोडला, तिने नुसतं बघितलं. मग काकूंनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, "स्टेशनावर चहा कुठला चांगला गं?"

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "तीनवरचा. एकवरचा निस्ता गोड असतो."

पुढचा बिबडा. मग मान वर न करता, "तुले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, डब्याखाली.

"हं."

एवढंच. रडारड नाही, मिठी नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली की पंजाब मेलच्या एका डब्याला एकदा अख्खी खिडकीभर झेंडूची माळ होती, आतली माणसं लग्नाची असतील का निवडणुकीची, तिला अजून कळलेलं नाही. आणि एकदा एका बाईने गाडीतून हात केला तिला. ओळखीची नव्हती. "मी बी केला." आणि मग खाली जाऊन पाण्याची मोटर लावायला सांगितली मला.

लिहू का, हेही विचारलं. "लिही. माझं नाव नको टाकू, दुसरं टाक. चांगलं टाक पन." @सुरवंट, नोंद घ्यावी.

पाचवा खर्डा सुरू केलाय. सुरुवात टाकते, झोडपा:

*सुमनने दहाची नोट खिडकीतून आत सरकवली. तिकीट घेतलं, वेळ वाचली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. जिना चढताना डाव्या गुडघ्याने कुरकुर केली, तिने त्याला मनात एक शिवी हासडली. फलाट तीनवर पंख्याखालचं बाकडं मोकळं होतं. बसून तिने आधी चपला काढल्या. मग काही वेळ काहीच केलं नाही. समोर मालगाडी उभी होती, तिचे डबे मोजायला घेतले आणि बाराव्याला कंटाळा आला म्हणून सोडून दिले.*

---

केळीचं_खोड

बाराव्याला कंटाळा! वा. माझ्या मायने मात्र शेवटपर्यंत मोजले असते.

---

धुळेकर_मास्तर

"काहीच केलं नाही" हे वाक्य खोडू नका, संपादक खोडायला सांगेल.

---

लेवापाटील_नव्हे_लेवागण

शिवी कोणती ते लिहा. तिथेच कळेल बाई कुठली आहे ते.

---

निवृत्त_तिकीटबाबू

सुरुवात आवडली. एक सुधारणा. मालगाडी फलाट तीनसमोर उभी दाखवायची असेल तर ती पलीकडच्या रुळावर आहे असं लिहा, फलाटाला लावलेली वाटतेय. वाचणाऱ्यांत रेल्वेचे लोक खूप असतात, पत्रं येतील.

---

वाघूरकाठची

@निवृत्त_तिकीटबाबू, पलीकडच्या रुळावर करते. शिवीचं आईला विचारावं लागेल.

---

चार_भाकरी_एक_कळणा

गड्डी परत जागेवर ठेवलीस ना?

---

वाघूरकाठची

ठेवली काकू. ३३ झालीत.